पंचवीस मेगावॅटच्या आडून

नदी कोरडी करायला सरकारी तिजोरीतून पैसा मिळाला, आणि त्याला हरित ऊर्जा म्हणतात! 25 मेगावॅटपर्यंतचा जलविद्युत प्रकल्प आपल्याकडे ‘लघु’. 2006 च्या पर्यावरण अधिसूचनेने या लघूंना पूर्वमंजुरीतून मोकळे सोडले. आघाताचा अभ्यास नको, जनसुनावणी नको. वर 2014 च्या योजनेत केंद्राने खासगी उद्योजकाला मेगावॅटमागे एक कोटी आणि डोंगरी राज्यांत दीड कोटी रुपये देऊ केले, प्रकल्पाला कमाल पाच कोटी. परीक्षा माफ, बक्षीस मात्र रोख!

लघु कशाला म्हणता? ओढ्यावर बंधारा घालायचा, पाणी बोगद्यात नाहीतर नळात कोंबायचे आणि मैल-दोन मैल खाली जनित्रावर सोडायचे. मधल्या पात्रात उन्हाळ्यात उरतात ते दगड. त्या पाण्यावरची भातखाचरे, मासे, गुरे कोणाच्या हिशेबात? एकाच नदीवर असे पाच प्रकल्प ओळीने उभे राहिले, तरी प्रत्येक जण 25 च्या आत, म्हणून प्रत्येक जण निर्दोष. बेरीज करायला सरकारला कोणी शिकवलेच नाही काय?

उत्तराखंडात ऋषिगंगेवरचा प्रकल्प 13.2 मेगावॅटचा, म्हणजे लघुच. गाव रैणी, 1974 मध्ये गौरादेवी आणि गावच्या बायकांनी ठेकेदाराच्या कुऱ्हाडी परतवल्या, तेच. सुरुंग आणि नदीत ढकललेला राडारोडा यांविरुद्ध 2019 मध्ये तिथले लोक उच्च न्यायालयात गेले. 7 फेब्रुवारी 2021 रोजी बर्फ-खडकाचा कडा कोसळला. लोंढ्याने हा प्रकल्प पुसून टाकला, खालच्या तपोवन प्रकल्पाच्या बोगद्यात मजूर गाडले गेले. दोनशेहून अधिक माणसे मेली वा बेपत्ता झाली. कडा प्रकल्पाने पाडला, असे आमचे म्हणणे नाही. पण असल्या कड्याखाली माणसे कामाला लावावीत काय, हे लघु प्रकल्पाला विचारायची सोयच अधिसूचनेत नाही! दोन्ही प्रकल्पांच्या मंजुऱ्या रद्द करा, असे म्हणत पाच जण पुन्हा न्यायालयात गेले. जुलैमध्ये याचिका फेटाळली गेली आणि प्रत्येकाला दहा हजारांचा दंड झाला. वीजवाल्याला अनुदान, गाऱ्हाणे नेणाऱ्याला दंड!

लहान जलविद्युतीशी आमचे वैर नाही. भाटघर, वीर, पानशेत या धरणांच्या पायथ्याला वीजघरे आहेतच. जे पाणी कालव्याला किंवा नदीत सोडायचेच असते, ते आधी जनित्र फिरवते. त्यासाठी आणखी एक ओढा मारावा लागत नाही. हिमालयातल्या घराटांना, त्या गावच्या पाणचक्क्यांना, सढळ हाताने पैसा द्या. पण तिथे सरकारचा हात हजार-लाखांवर अडला आणि बोगदेवाल्यासमोर कोटीत सुटला.

2014 च्या त्या अनुदान योजनेची मुदत मार्च 2017 मध्ये संपली. पंचवीसची सूट मात्र जिवंत आहे. ती आधी रद्द करा, खोऱ्यातल्या सगळ्या प्रकल्पांचा एकत्र हिशेब मांडा, ग्रामसभेची संमती घ्या. त्याआधी जनतेचा एक रुपयाही देऊ नका. आणि वाचकहो, असल्या अनुदानाच्या बाजूने तुमचा खासदार हात वर करील, तेव्हा त्याला मतदारसंघात गाठून जाब विचारा.