आवडीचे भांडण

मराठी घरात पाहुण्याने सहज विचारले, की तुमचा आवडता चित्रपट कोणता, तर पहिले उत्तर बहुधा ठरलेले असते. 'संत तुकाराम', 'श्यामची आई', फार तर 'सिंहासन'. उत्तर खोटे नसते, पण ते दिवाणखान्यातले उत्तर असते. काचेच्या कपाटातल्या कपबश्या पाहुण्यांसाठी असतात, रोजचा चहा दुसऱ्याच कपातून प्यायला जातो, तसेच हे. त्याच घरात टीव्हीवर 'अशी ही बनवाबनवी' लागला, की हातातले काम टाकून मंडळी बसतात, धनंजय मानेच्या आधी त्याचे वाक्य म्हणतात, सत्तर रुपयांच्या विनोदाला शंभराव्यांदा हसतात, आणि कोणी विचारलेच तर म्हणतात, "छे हो, आपला टाइमपास!"

मला या संकोचाचे नेहमी नवल वाटत आले आहे. मी चित्रपटवेडा माणूस. बरे, वाईट, मध्यम असे सर्व प्रकारचे चित्रपट आणि मालिका मी पाहिल्या आहेत, आणि त्यातून माझे एक मत बनले आहे. आवड वारशाने मिळत नाही, समीक्षकांचे लेख वाचूनही येत नाही. ती घडते भांडणातून. ज्याची आवड आपल्यापेक्षा निराळी आहे अशा माणसाच्या शेजारी बसून, त्याने निवडलेले आपल्याला बघावे लागते आणि आपण निवडलेल्याचे त्याच्यासमोर समर्थन करावे लागते, तेव्हा कुठे आपल्याला खरोखर काय आवडते हे आपले आपल्याला कळते. घरात एकच टीव्ही होता तोवर ही सोय आपोआप होत होती.

मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ रोजी. पुढची कितीतरी वर्षे घरात वाहिनी एकच आणि चित्रपटाचे दिवस ठरलेले. चाळीत ज्यांच्याकडे टीव्ही असे त्यांच्या दारात चपलांचा ढीग पडे. 'चिमणराव' मालिकेतले दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे हे तेव्हा घरचेच कोणी होऊन गेले होते. पण माझ्या मते दूरदर्शनचे खरे उपकार आहेत ते रविवारच्या दुपारचे. जेवणे आटोपून घर पेंगायला लागले, की राष्ट्रीय प्रसारणात कुठल्या तरी प्रादेशिक भाषेतला, पुरस्कार मिळालेला चित्रपट लागे. खाली इंग्रजी शीर्षके. सत्यजित राय, अडूर गोपालकृष्णन, गिरीश कासरवल्ली ही नावे महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत पहिल्यांदा पोचली ती अशी, घोरण्याच्या पार्श्वसंगीतावर. नायक बैलगाडीतून जातो आहे, जातोच आहे, याची टिंगल आम्हीही यथेच्छ केली. पण दुसरे काही लागतच नसल्यामुळे बघत राहिलो, आणि कधीतरी त्या बैलगाडीच्या चालीत गंमत वाटू लागली. निवडीचे स्वातंत्र्य असते, तर त्या दुपारी आम्हांपैकी एकही जण तिथे बसला नसता.

आता भांडणाचे म्हणाल, तर 'संत तुकाराम'पासूनच सुरुवात करू. १९३६ सालचा प्रभातचा हा चित्रपट, दामले-फत्तेलालांनी दिग्दर्शित केलेला. विष्णुपंत पागनीसांचे तुकाराम पाहून लोक हात जोडत, हे सर्वांना ठाऊक आहे. आमच्या घरी अण्णाही जोडत. आजीने मात्र कधी जोडले नाहीत. तिचे सगळे लक्ष आवलीकडे. मूल तापाने फणफणले आहे, घरात दाणा नाही, नवरा देवाचे नाव घेत बसला आहे. अशा वेळी हातात पायताण घेऊन थेट विठोबाला जाब विचारायला निघालेली ती बाई! "हिचं कोणी ऐकलं का?" असे आजी विचारी, आणि अण्णा गप्प बसत. गौरी या अभिनेत्रीने साकारलेली आवली ही त्या चित्रपटातली सर्वांत जिवंत व्यक्तिरेखा आहे असे माझे आज ठाम मत आहे. ते मी पुस्तकातून घेतलेले नाही, आजीकडून घेतले आहे. भक्तिपट म्हणून ज्याला आपण नमस्कार करून मोकळे होतो, त्यात संसार ओढणाऱ्या बाईची बाजू इतक्या प्रेमाने मांडलेली आहे, हे अण्णांच्या शेजारी बसून मला कधीच दिसले नसते.

दुसरे भांडण दादा कोंडक्यांचे. १९७१ साली 'सोंगाड्या' आला आणि पुढे त्यांच्या चित्रपटांनी रौप्यमहोत्सवांची रांग लावली. पांढरपेशा घरांत मात्र त्यांचे नाव मुलांसमोर घेत नसत. द्व्यर्थी संवाद, चावट गाणी, असला थिल्लरपणा आपल्याकडे चालत नाही, इत्यादी. गंमत अशी, की 'सोंगाड्या' लिहिला वसंत सबनीसांनी, आणि सतरा वर्षांनी, १९८८ मध्ये आलेली 'अशी ही बनवाबनवी' लिहिली तीही सबनीसांनीच. एकाच लेखणीतून उतरलेला विनोद धोतर-बंडी नेसून आला तेव्हा आपण दार लावून घेतले, आणि पुण्यात भाड्याची खोली शोधत आला तेव्हा त्याला सोफ्यावर बसवले. 'बनवाबनवी'त पुरुष साड्या नेसून वावरतात, घरमालकिणीला फसवतात, लग्नाची खोटी नाती सांगतात. पण ती मंडळी आपल्यासारखी बोलतात ना, मग सारे निर्मळ! 'सोंगाड्या'तला नाम्या हा भाबडा, तमाशाच्या वेडाने आईच्या मनातून उतरलेला मुलगा. त्या चित्रपटात चावटपणापेक्षा करुणा अधिक आहे. दादांचे पुढचे बरेचसे चित्रपट मला स्वतःला आळशी वाटतात, एकच विनोद पुन्हा पुन्हा शिळ्या भाकरीसारखा वाढलेला. पण हे म्हणण्याचा अधिकार बघणाऱ्यालाच आहे. न बघता नाक मुरडणाऱ्याला नाही.

तिसरे भांडण अधिक कडू आहे. १९९१ साली विजय कोंडके यांचा 'माहेरची साडी' आला. राजस्थानी चित्रपटावरून बेतलेला. नायिका अलका कुबल, सासू उषा नाडकर्णी. गावोगावच्या बायका थिएटरात पदराला डोळे पुसत होत्या, आणि शिकले-सवरलेले पुरुष त्या रडण्यावर विनोद करत होते. तो विनोद आजही चालतो. आमच्या शेजारच्या एका मावशींनी त्यावर दिलेले उत्तर मी विसरलेलो नाही. त्या म्हणाल्या, "तुमचा देवदास दारू पिऊन मरतो ती कला, आणि आम्ही आमच्या जिवाला रडलो की तो बाजार?" याला उत्तर द्यायला हवे होते, कोणी दिले नाही.

मला हा चित्रपट आवडत नाही. जी सोसते ती देवी, हे त्यातले तत्त्वज्ञान मला घातक वाटते. छळाला उत्तर म्हणून तो अश्रूंखेरीज काही देत नाही. परंतु त्या बायका अंधारात कशासाठी रडत होत्या, हा प्रश्न चित्रपटाच्या दर्जाहून मोठा आहे. घरी रडायला जागा नव्हती, तिकीट काढल्यावर ती तीन तास मिळाली. त्याच्या नऊ वर्षे आधी, १९८२ मध्ये, जब्बार पटेलांचा 'उंबरठा' आला होता. स्मिता पाटीलची सुलभा महाजन घर सोडून परगावी महिलाश्रमात नोकरी धरते, परत येते तेव्हा घरात तिची जागा उरलेली नसते, आणि ती पुन्हा बाहेर पडते. या चित्रपटाचे कौतुक करणारी कितीतरी घरे मला ठाऊक आहेत. त्यांतल्या किती घरांनी आपल्या सुनेला परगावच्या नोकरीवर जाऊ दिले? 'माहेरची साडी'ला हसणारे आणि 'उंबरठा'ला टाळ्या देणारे, दोघेही संध्याकाळी त्याच स्वयंपाकघरातला गरम फुलका खात होते. मावशींचा राग तो होता.

मालिकांची गोष्ट निराळी. तिथे भांडण होत नाही, तक्रार होते. १९९७ साली दूरदर्शनवर 'दामिनी' सुरू झाली आणि रोज ठरावीक वेळी एका मराठी कथेला भेटायची सवय घरांना लागली. १९९९ मध्ये 'आभाळमाया' आली. पुढे 'चार दिवस सासूचे' या मालिकेचे तीन हजारांहून अधिक भाग झाले. या हिशेबाने सासूचे ते चार दिवस अकरा वर्षांहून अधिक पुरले. मालिका वाईट का होतात याचे कारण लेखकांच्या अंगी गुण नसणे हे नव्हे. रोजची अर्ध्या तासाची जागा भरायची असते, जाहिराती त्या जागेला चिकटलेल्या असतात, आणि कथा संपली तरी जागा संपत नाही. मग एकाच थपडेवर तीन चेहरे तीन-तीनदा दाखवावे लागतात. अशा धबडग्यातही प्रतिमा कुलकर्णींची 'प्रपंच' होऊन गेली, जिच्यातली माणसे घरात बोलतात तशी बोलत होती आणि रुसवे-फुगवेही आपल्या घरच्या मापाचे होते. सुधीर जोशींना त्यात नुसते खुर्चीत बसलेले पाहणे हाही आनंद होता. पण 'प्रपंच'ची आठवण काढणारी मंडळीही रोज आठ वाजता बघतात ते वेगळेच, आणि बघता बघता शिव्या देतात. जे आवडत नाही ते रोज बघायचे आणि जे आवडते ते कबूल करायचे नाही, असा हा आपला दुहेरी व्यवहार आहे.

घराघरांत खरे भांडण व्हायला हवे होते ते २०१६ साली. 'सैराट' आला. नागराज मंजुळे यांच्या या चित्रपटाची कमाई शंभर कोटींच्या घरात गेली, त्याआधी कोणत्याच मराठी चित्रपटाला हे जमले नव्हते. लोक सहकुटुंब गेले, गाण्यांना नाचले. आणि शेवटची काही मिनिटे आली, पार्श्वसंगीत थांबले, रक्तात भिजलेली ती लहान पावले पडद्यावर उमटली, तेव्हा सबंध थिएटर गोठले. त्या शांततेत मी बसलो आहे. इतकी एकमुखी शांतता मी दुसऱ्या कुठल्याही चित्रपटात अनुभवलेली नाही.

मग आपण घरी आलो. त्या वर्षी आणि पुढची कितीतरी वर्षे लग्नाच्या वरातीत 'झिंगाट' वाजत राहिले. जात, पोटजात, जमले तर गोत्रही जुळवून ठरवलेल्या लग्नांच्या वरातीत! गाणे चित्रपटातून उचलून घेतले आणि शेवट थिएटरात ठेवून आलो. आर्ची-परश्या आवडले असे म्हणणाऱ्या घरात जेवणाच्या ताटावर एखाद्या मुलीने विचारायला हवे होते, "आवडले म्हणजे काय? मी असे केले तर?" काही घरांत विचारलेही असेल. पण बहुतेक घरांत तोवर जो तो आपापल्या खोलीत, आपापल्या मोबाइलवर गेलेला होता.

आता तर हे पूर्णच झाले आहे. एका घरात पाच माणसे आणि पाच पडदे. आजोबांच्या मोबाइलवर जुनी नाट्यगीते, सूनबाईंच्या कानात कोरियन मालिका, नातवाच्या हातात तीस सेकंदांची चलच्चित्रे, आणि दिवाणखान्यातला भला मोठा टीव्ही क्रिकेटचा सामना नसेल तर मुका. प्रत्येकाला त्याच्या आवडीचेच पुढे वाढले जाते. काल पाहिले त्याच्यासारखेच आज. घरात शांतता आहे. रिमोटवरून होणारी ओढाताण संपली म्हणून सुटकेचा निःश्वास टाकणारे लोक मला भेटतात. मला ही शांतता बरी वाटत नाही. ज्याची आवड कधी कोणी आडवीच घेतली नाही, त्याला ती का आवडते हे सांगण्याची वेळच येत नाही. आणि हे एकदा सांगता येईनासे झाले, की नोकरी कोणती, जोडीदार कोण, मत कोणाला, हेही घरात सांगता येईनासे होते.

आणि याच काळात चांगले चित्रपट यायचे थांबले आहेत असेही नाही. चैतन्य ताम्हाणेचा 'द डिसायपल' २०२० साली व्हेनिसच्या महोत्सवात पटकथेचा पुरस्कार घेऊन आला आणि पुढच्या वर्षी थेट घरच्या पडद्यावर उपलब्ध झाला. शास्त्रीय संगीतात आयुष्य घालून जो थोर होऊ शकत नाही, अशा गायकाची ती गोष्ट. त्यातल्या माईंचा कठोर, शांत आवाज सुमित्रा भावे यांचा आहे. मुलांना क्लासला घालणाऱ्या, त्यांच्याकडून पहिल्या नंबराची अपेक्षा करणाऱ्या प्रत्येक आईबापाने मुलांसह बसून बघावा असा हा चित्रपट. माझ्या ओळखीत ज्यांनी पाहिला त्यांनी एकेकट्याने पाहिला, अर्धा पाहून 'संथ आहे' म्हणून सोडला. शेजारी कोणी असते तर त्याने थांबवले असते, "थांब, पुढे बघ" म्हणाले असते. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु'चेही तेच. स्मृती हरवत चाललेले, हत्तीच्या मागे निघून गेलेले संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक मोहन आगाशे यांनी उभे केले आहेत. घरात म्हातारे माणूस आणि नोकरी करणारी मुलगी एकाच सोफ्यावर बसून हा चित्रपट पाहतील, तर त्यानंतर होणारे बोलणे सोपे नसेल. पण ते कधीतरी व्हायचेच आहे.

आमच्या घरी गेल्या वर्षापासून एक पद्धत सुरू केली आहे. रविवारी रात्री मोबाइल टोपलीत, टीव्ही एक, आणि निवड पाळीपाळीने एकाची. उठून जायचे नाही, नावे मात्र हवी तितकी ठेवायची. नातीने पहिल्याच पाळीला एक कोरियन मालिका लावली. सासू-सुनेचा तोच खेळ, फक्त नूडल्स खात. मी तसे म्हणालो, तेव्हा तिने मला 'चार दिवस सासूचे'च्या वेळी कोण कोण जागचे हलत नसे याची आठवण करून दिली. सूनबाईंनी 'माहेरची साडी' निवडला, आणि त्या रात्री जेवणे अकरापर्यंत लांबली. उद्याच्या रविवारी पाळी माझी आहे. मी राजा परांजप्यांचा 'जगाच्या पाठीवर' लावणार आहे, १९६० सालचा, गदिमा आणि सुधीर फडके यांच्या गाण्यांचा. चॅप्लिनची छाया त्यावर आहे, आंधळ्या मुलीचा प्रसंग तिकडूनच आलेला आहे, हे नातू मला ऐकवणार हे ठाऊक आहे. उत्तर तयार ठेवतो आहे.