निकाहचा व्हिडिओ आणि तिचा होकार

माझ्या भाचीचा निकाह डिसेंबरात नाशिकला आहे. हॉल ठरला, जेवण ठरलं. अडलं ते व्हिडिओवाल्यापाशी. दुल्हाभाई म्हणाले, "शूटिंग नको. मौलाना नाराज होतील, आणि घरातल्या बायकांच्या पडद्याचं काय?" मुलाकडच्यांना ड्रोनसकट सिनेमॅटिक व्हिडिओ हवा होता, खर्च मात्र मुलीकडून. आठवडाभर फोनवर फोन झाले. भाचीला काय हवं, हे कुणीच विचारलं नव्हतं.

हा वाद आता घरोघरी आहे, म्हणून इथे मांडते.

माझं लग्न 1994 साली जुन्या नाशकात झालं. तेव्हाची व्हीएचएस कॅसेट गेल्या वर्षी पेन ड्राइव्हवर उतरवून घेतली. बुरशीने काही भाग गेलाय. उरलेल्यात काय दिसतं? मांडून ठेवलेलं जहेज. कपाट, पलंग, शिलाई मशीन, भांडी; एकेका वस्तूवरून कॅमेरा सावकाश फिरतो. मग जेवणावळी. मग नवरदेवाचं 'कबूल है'. मी चार मिनिटं, मान खाली. आणि एका जागी अब्बा वाढणाऱ्यांना सांगतात, "बच्चों को पहले दो." अब्बा 2009 मध्ये गेले. त्यांचा आवाज घरात तेवढाच उरलाय. म्हणून व्हिडिओ म्हणजे नुसती उधळपट्टी, असं मला म्हणवत नाही.

पण माझा होकार त्यात नाही. वकील आणि दोन गवाह आतल्या खोलीत आले, मेहरची रक्कम सांगून इजाजत विचारली, मी हो म्हटलं. कॅमेरा तेव्हा बाहेर स्टेजवर होता. सज्ञान मुलीच्या संमतीशिवाय निकाह होत नाही, असं हनफी फिकहही सांगतं. ज्या होकारावर निकाह उभा, तोच टिपलेला नाही. कपाट मात्र चारही बाजूंनी आहे.

कॅमेरा ही काही बाहेरून आलेली बला नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या मालेगावात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या आणि लग्नांचं शूटिंग करणाऱ्या नासिर शेख यांनी 2000 साली 'मालेगाव के शोले' बनवला. त्यांच्यावर पुढे माहितीपट झाला, 2025 मध्ये हिंदी सिनेमाही आला. आपल्या कितीतरी तरुणांची चूल याच धंद्यावर पेटते. चित्राबाबत उलेमांमध्ये मतभेद आहेत. काही जण ते नाजायज मानतात, काही जण डिजिटल चित्राला सूट देतात. ज्यांना शूटिंग मनापासून नको, त्यांचा आदर राखायलाच हवा. पण व्हिडिओवाला नाकारला म्हणजे पडदा राखला, असं होत नाही. हॉलमधल्या प्रत्येक हातात मोबाइल असतो. माझ्या ओळखीतल्या एका मुलीच्या मेहंदीची रील स्टुडिओने स्वतःच्या जाहिरातीसाठी इन्स्टाग्रामवर टाकली. तिला ते कळलं मैत्रिणींकडून. पैसे भरले घरच्यांनी, चेहरा तिचा, आणि परवानगी कुणाचीच नाही.

म्हणून लग्न ठरलेल्या माझ्या तरुण मित्रमैत्रिणींनो, 'व्हिडिओवाला लावायचा की नाही' याआधी 'ठरवणार कोण' हे विचारा. उत्तर एकच: ज्यांचं लग्न आहे ते दोघं, बरोबरीने. लावायचा असेल तर खर्च निम्मा-निम्मा करा, कर्ज काढू नका. आमच्या लेखी संमतीशिवाय एकही क्लिप कुठे टाकायची नाही, हे ऑर्डर देतानाच लिहून घ्या. ज्या बहिणींना कॅमेऱ्यात यायचं नाही, त्यांची बसण्याची जागा वेगळी ठेवा. आणि जहेजचं शूटिंग करू नका. खरं तर जहेजच देऊ-घेऊ नका.

व्हिडिओ म्हणजे लग्नाची नोंद नव्हे, हेही ध्यानात ठेवा. महाराष्ट्राच्या 1998 च्या कायद्याप्रमाणे विवाहाची नोंदणी 90 दिवसांत करायची असते. मुलीला भेटवस्तू मिळाल्या तर 1985 च्या नियमांनुसार त्यांची सही केलेली यादी ठेवायची असते. अडचणीच्या दिवशी ड्रोनचं दृश्य कामाला येत नाही. निकाहनाम्याची प्रत, नोंदणीचा दाखला आणि ती यादी कामाला येते. निकाहनाम्याची एक प्रत मुलीच्या स्वतःच्या हातात असू द्या.

शेवटी मी भाचीला विचारलं. ती म्हणाली, "खाला, ड्रोन नको. दोन तासांसाठी एखादी बाई शूटिंगवाली मिळाली तर हवी. मी इजाजत देईन तेव्हा ती आत असावी. आणि नानीला थोडं बोलतं करा."

दुल्हाभाई बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "नाशकात मिळते का अशी कुणी?"

आम्ही शोधतो आहोत. तुमच्या घरातही हा प्रश्न आला, तर आधी तिला विचारा.