उसना उपग्रह

परवा ओपीडीत काळेवाडीतल्या एका वर्कशॉपचे टर्नर आले होते. पन्नाशी ओलांडलेले, साखर वाढलेली. चारपैकी एक गोळी बाहेरून घ्यावी लागेल म्हटल्यावर ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, उपग्रह सोडायला सरकारकडं पैसे आहेत, मग गोळीला का नाहीत?" रांग मोठी होती, मी हसून वेळ मारून नेली.

गोळी मिळायलाच हवी, त्यात वाद नाही. पण स्वतःचा उपग्रह नसलेल्या देशाला दुसऱ्याच्या मर्जीवर राहावं लागतं, हे आपण अनुभवलं आहे.

१ ऑगस्ट १९७५ रोजी 'साइट' हा प्रयोग सुरू झाला. त्यासाठी अमेरिकेच्या नासाने एटीएस-६ हा उपग्रह भारताला वर्षभर वापरायला दिला होता. सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत टीव्ही संच बसवले गेले. महाराष्ट्र त्यात नव्हता. शेती, स्वच्छता, पोषण, कुटुंबनियोजन असे कार्यक्रम आपण तयार केले, जमिनीवरची यंत्रणाही आपली. ३१ जुलै १९७६ला मुदत संपली आणि उपग्रह परत गेला. फसवणूक नव्हती, करारच तसा होता. आरोग्य शिबिरासाठी मागून आणलेलं सोनोग्राफी मशीन संध्याकाळी परत जातं. गरोदर बायका मात्र गावातच असतात.

उसनं दिलं तोवर ठीक होतं. शिकून घ्यायला गेलो तेव्हा दार बंद झालं. जड उपग्रह उंच कक्षेत नेण्यासाठी क्रायोजेनिक इंजिन लागतं. त्यात उणे २५३ अंशांवरचा द्रव हायड्रोजन आणि द्रव ऑक्सिजन जळतात. १९९१मध्ये रशियाच्या ग्लाव्हकॉसमॉसशी आपला करार झाला. हे तंत्रज्ञान क्षेपणास्त्रांसाठी वापरलं जाईल, असं म्हणत अमेरिकेने मे १९९२मध्ये ग्लाव्हकॉसमॉस आणि इस्रो दोघांवर निर्बंध लादले. एवढं थंड इंधन भरून क्षेपणास्त्र सज्ज ठेवणं किती गैरसोयीचं, हे त्यांनाही ठाऊक असणार! अखेर १९९३मध्ये रशियाने तंत्रज्ञान नाकारलं आणि तयार इंजिनं तेवढी देऊ केली.

मग ते इथेच घडवावं लागलं. २०१०चं पहिलं उड्डाण फसलं, ५ जानेवारी २०१४चं साधलं. अशी कामं फक्त प्रयोगशाळेत होत नाहीत. इस्रोसाठी विक्रोळीला इंजिनं आणि आपल्याच जिल्ह्यात वालचंदनगरला रॉकेट मोटरची आवरणं बनतात. ३० जुलै २०२५ रोजी नासा आणि इस्रो यांचा 'निसार' उपग्रह वर गेला, तो भारतीय क्रायोजेनिक इंजिनावरच. अमेरिकेचं मन बदलायला बाकी कारणंही असतील. पण हाताशी इंजिन नसतं, तर बरोबरीचं बोलणं झालं नसतं, असं मला वाटतं.

आता देणाऱ्याच्या खुर्चीत आपण आहोत. ५ मे २०१७ला आपण शेजाऱ्यांसाठी दक्षिण आशिया उपग्रह सोडला. पाकिस्तान त्यातून बाहेर राहिला. बांगलादेश सहभागी होता, तरी साधारण वर्षभरानेच त्याने 'बंगबंधू-१' हा स्वतःचा उपग्रह फ्रान्समध्ये बनवून घेऊन अमेरिकेच्या रॉकेटने सोडला. 'आपण दिला होता ना?' असं कुणी नाराजीने म्हणेल. पण उसन्या उपग्रहानंतर आपणही स्वतःचा 'इन्सॅट' उभारलाच की.

२००९पासून पॅन-आफ्रिकन ई-नेटवर्कवरून आपल्या डॉक्टरांनी आफ्रिकेतल्या रुग्णालयांना सल्ला दिला. चांगलंच काम. पण डॉक्टर म्हणून मी विचारीन, लिंक तुटल्यावर तिथल्या डॉक्टरला किती येतं? तेवढं शिकवायची आपली तयारी नसेल, तर १९९२बद्दल कुरकुर कशाला करायची?

टर्नरना पुढच्या महिन्यात तपासणीला बोलावलं आहे. वालचंदनगरची गोष्ट त्यांना सांगणार आहे, लेथवरच्या माणसाला ती पटकन कळेल. गोळीसाठी मागणीपत्र पुन्हा पाठवलं आहे.