आधी ऐकून घ्या, मग लढा

माझा मुलगा 'मास इफेक्ट' या व्हिडिओ गेमचे पहिले दोन भाग लागोपाठ खेळला. मी शेजारी बसून पाहिले. कॅनडाच्या बायोवेअर कंपनीने पहिला भाग २००७ मध्ये आणला, दुसरा २०१० मध्ये.

पहिल्या भागात बंदुका-चिलखतांचा इतका ढीग साठतो की तो निवडण्यातच वेळ जातो. दुसऱ्यात तो पसारा जवळजवळ काढून टाकला आहे. लढाई चपळ झाली. 'खेळ सोपा करून टाकला' ही तक्रार काही अंशी खरी आहे. ग्रहांवर खनिजं शोधण्याचं नवं काम तर निव्वळ कंटाळवाणं.

तरीही माझ्या मते दुसरा भाग पुढे गेला आहे. पहिल्या भागात गमावलेला साथीदार दुसऱ्यात परत मिळत नाही. शेवटच्या मोहिमेत कोण जगेल, हेही नुसत्या नेमबाजीवर ठरत नाही. आधी कुणाचं दुःख ऐकलं, कुणाच्या अडचणीत धावून गेलो, कुणावर कोणती जबाबदारी टाकली, याचा तिथे हिशेब होतो. मुलाने घाई केली, दोन साथीदार गेले. तो बराच वेळ गप्प होता.

मी मात्र माझ्या वर्गाचा विचार करत होतो. मुलांचं घरचं काहीही न विचारता आम्ही शिक्षक थेट निकालाच्या दिवशी त्यांच्याकडे हिशेब मागतो.