भाकितांची खतावणी

स्टेशनाबाहेर पिंजरा घेऊन बसणारा पोपटवाला ज्योतिषी आता क्वचितच दिसतो. वसई रोड, नालासोपारा वा विरारला गाडीतून उतरून बाहेर पडावे, तर त्याच्याऐवजी हाती पडते ते गुळगुळीत कागदावरचे पत्रक. 'गेमिंग क्षेत्र पाच वर्षांत तिप्पट होणार! आजच प्रवेश घ्या!' पोपटाच्या चिठ्ठीला आपण हसतो. पत्रकातल्या आकड्याला मात्र आपण मान देतो, कारण त्याच्याखाली बारीक अक्षरांत 'तज्ज्ञांच्या अहवालानुसार' असे छापलेले असते.

माझ्या एका मित्राने असेच एक पत्रक घडी करून खिशात ठेवले होते. गेम तयार करण्याच्या अभ्यासक्रमाची फी भरण्यासाठी त्याचे वडील पतपेढीतून कर्ज काढायला निघाले होते. 'हा आकडा खरा आहे ना रे?' असे त्याने मला विचारले, आणि मला उत्तर देता आले नाही. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाला दिलेले उशिराचे उत्तर होय. व्हिडिओ गेम चांगले की वाईट, हा वाद वक्तृत्व स्पर्धेसाठी राहू द्यावा. गेमच्या धंद्याचे भविष्य सांगणाऱ्यांवर किती विश्वास टाकावा, एवढाच येथे विषय आहे.

हे भविष्यवेत्ते कोण, हे आधी पाहिले पाहिजे. काही जण शेअरबाजारातील पेढ्यांचे नोकर असतात, काही जण बाजारपेठेची पाहणी विकणाऱ्या संस्थांचे, तर काही जण गेम कंपन्यांत स्वतःच भांडवल गुंतवणाऱ्या फंडांचे. अमेरिकेतील 'वेडबुश' या पेढीचे मायकेल पॅक्टर हे त्यांतले सर्वांत प्रसिद्ध नाव. निन्टेन्डो कंपनी आपल्या 'वी' या यंत्राची अधिक सुस्पष्ट चित्र देणारी आवृत्ती काढणार, असे ते पुनःपुन्हा सांगत राहिले. ती आवृत्ती कधीच आली नाही. २०१२ साली आले ते 'वी यू' हे वेगळेच यंत्र. तेही पडले, जेमतेम १ कोटी ३५ लाखांच्या आसपास खपले. तेव्हा निन्टेन्डोने यंत्रे बनविणे सोडून द्यावे, असा सल्ला देणाऱ्यांची रांग लागली. त्याच कंपनीने २०१७ साली 'स्विच' आणले आणि त्याचा खप पुढे १५ कोटींच्या वर गेला! पॅक्टर यांची थट्टा पुष्कळ झाली. परंतु ते नावानिशी बोलतात, म्हणून चुकले की सापडतात, हे त्यांच्या पदरात टाकलेच पाहिजे. निनावी अहवालाची अशी थट्टा कोण करणार?

आता आपल्या देशाकडे वळू. गेम कंपन्यांत भांडवल गुंतविणारा 'लुमिकाई' हा फंड दरवर्षी भारतीय गेमिंगचा अहवाल प्रसिद्ध करतो. २०२२ च्या अहवालात म्हटले होते की, २०२१-२२ मध्ये २६० कोटी डॉलरची असलेली ही बाजारपेठ २०२६-२७ पर्यंत ८६० कोटींवर जाईल. पुढल्याच वर्षीच्या अहवालात बाजारपेठ ३१० कोटींची झाली होती, आणि २०२७-२८ पर्यंत ती ७५० कोटींची होणार होती. म्हणजे मुदत एका वर्षाने वाढली आणि आकडा मात्र ११० कोटींनी उतरला. २०२४ च्या अहवालाने ३८० कोटींवरून २०२८-२९ पर्यंत ९२० कोटी असे सांगितले. प्रत्येक वेळी बातमी झाली ती नव्या आकड्याची. जुन्या आकड्याचे काय झाले, अशी विचारपूस कोणी केल्याचे माझ्या तरी वाचनात नाही. पाच वर्षांची मुदत मोठी सोयीची असते. तेवढ्या काळात सांगणारा विसरतो आणि ऐकणाराही विसरतो.

अहवाल लिहिणारे खोटे बोलतात, असे मला मुळीच म्हणावयाचे नाही. परंतु ज्याने मळ्यात पैसे घातले आहेत, त्यालाच यंदा पीक कसे येईल हे विचारले, तर तो पडेल आवाजात उत्तर देईल काय?

याहून महत्त्वाची गोष्ट आकड्याच्या पोटात आहे. या कोट्यवधींच्या उलाढालीत निम्म्याहून अधिक वाटा पैसे लावून खेळावयाच्या खेळांचा होता. रमी, पोकर, काल्पनिक क्रिकेट संघ, असे ते खेळ. पत्रक वाचणाऱ्या मुलाच्या डोळ्यांपुढे असतात चित्रे काढणारे, कथा रचणारे, संगीत देणारे कलाकार. पण रमीचे पत्ते रंगवायला किती कलाकार लागणार? 'गेमिंग' या एकाच शब्दाच्या पिशवीत तांदूळ आणि खडे एकत्र भरले गेले, आणि वजन सगळ्याचे मिळून सांगितले गेले.

मग ऑगस्ट २०२५ उजाडला. ऑनलाइन गेमिंगविषयीचे विधेयक २० तारखेला लोकसभेत आणि २१ ला राज्यसभेत संमत झाले, २२ ला राष्ट्रपतींची मोहोर उमटली. पैसे लावून खेळण्याच्या सर्व ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर त्यात बंदी होती. मुंबईच्याच 'ड्रीम इलेव्हन' या कंपनीने पैशाच्या स्पर्धा थांबविल्या आणि सप्टेंबरातील आशिया चषकात भारतीय संघ छातीवर प्रायोजकाचे नाव न घेता मैदानात उतरला. काही कंपन्यांनी नोकरकपात केली. ९२० कोटींच्या भाकिताला वर्षही पुरे झाले नव्हते.

यावर कोणी म्हणेल, सरकार कायदा करील हे बिचाऱ्या विश्लेषकाला कसे कळावे? आक्षेप रास्त आहे. तारीख कोणालाच कळली नसती. पण ढग दिसत नव्हते काय? तेलंगणाने २०१७ साली आणि आंध्राने २०२० साली ऑनलाइन रमीला बंदी घातली होती. तमिळनाडू आणि कर्नाटक या राज्यांनी कायदे केले, ते उच्च न्यायालयांत टिकले नाहीत. तमिळनाडूने पुन्हा केला. ऑक्टोबर २०२३ पासून लावलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी सुरू झाला. एवढे सारे उघड असता, 'कायदा बदलला तर इतके, न बदलला तर इतके' असे दोन आकडे शेजारी शेजारी आणि सारख्याच ठळक अक्षरांत मांडता आले असते. एकच आकडा मोठ्या अक्षरांत मिरवला, की मग 'बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी' अशी गत होते.

भाकीत कसे तपासावे, याचा धडा तर महाराष्ट्राने केव्हाच घालून दिला आहे. २००८ साली पुण्यात डॉ. जयंत नारळीकर यांनी संख्याशास्त्राचे प्राध्यापक सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांच्या साहाय्याने फलज्योतिषाची चाचणी घेतली. शाळेतील १०० हुशार मुलांच्या आणि १०० बौद्धिक अक्षम मुलांच्या पत्रिका जमविल्या. प्रत्येक ज्योतिषाला ४० पत्रिका देऊन कोणती कोणाची ते ओळखावयास सांगितले. उत्तरे पाठविली २७ जणांनी. सरासरी यश ४६ टक्के निघाले. नाणे उडवून उत्तरे दिली असती, तरी निम्मी बरोबर आली असती! नारळीकरांनी ज्योतिषांना शिव्या दिल्या नाहीत. कसोटी काय हे आधी जाहीर केले, उत्तरे लेखी घेतली आणि मग बेरीज केली.

हीच शिस्त हवामान खाते पाळते. २००९ साली खात्याने सरासरीच्या ९६ टक्के पाऊस सांगितला आणि पडला ७८ टक्के. खात्याची नाचक्की झाली. पण ती होऊ शकली, कारण अंदाज लेखी होता, चुकीची मर्यादा सोबत सांगितलेली होती आणि ऋतू संपल्यावर मोजमाप जाहीर झाले होते. अर्नाळ्याचा नाखवा वाऱ्याचा इशारा ऐकून होडी किनाऱ्याला ठेवतो, तेव्हा त्याचा एक दिवसाचा धंदा बुडतो. तरी तो इशारा मानतो, कारण खरे-खोटे दुसऱ्या दिवशी त्याला दर्यावरच दिसते. पाच वर्षांनंतरच्या आकड्यावर फी भरणाऱ्या मुलाला ही सोय नाही.

म्हणून माझी सूचना साधी आहे. किराणा दुकानदार उधारीची वही ठेवतो, तशी भाकितांची खतावणी आपण ठेवावी. कोणी सांगितले, कधी सांगितले, त्यात त्याचा लाभ काय, आकड्यात काय काय धरले आहे आणि मुदत भरल्यावर प्रत्यक्षात काय झाले, एवढे पाच रकाने पुरेत. महाविद्यालयाच्या वाचनालयात वर्तमानपत्रांची कात्रणे चिकटवलेली अशी एक वही असावी. अर्थशास्त्राच्या वा संख्याशास्त्राच्या प्राध्यापकांनी वर्षातून एक तास तिच्यासाठी द्यावा. व्यवसाय मार्गदर्शनाच्या व्याख्यानाला येणाऱ्या पाहुण्यांनाही नम्रपणे विचारावे, 'सर, आपण मागच्या खेपेस सांगितलेला आकडा कोठवर आला?'

त्या मित्राने अखेर फी भरली. चित्रकलेचा त्याला मनापासून नाद आहे आणि त्याचे काम चांगले होईल, अशी मला आशा आहे. पण तो शिकतो आहे तो त्या नादापोटी, पत्रकातल्या आकड्यापोटी नव्हे. हे त्याने आणि त्याच्या वडिलांनी कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वी एकमेकांशी बोलून घेतले. एवढे झाले तरी पुष्कळ. खतावणीतील पहिली नोंद मी केली आहे : ८६० कोटी डॉलर, मुदत २०२६-२७. शेवटचा रकाना कोरा ठेवला आहे.