वारसा-फेरी आणि हुतात्मा चौक

मुंबईच्या फोर्ट भागातून पायी हिंडविणाऱ्या वारसा-फेऱ्यांना तरुण येतात, ही आनंदाचीच गोष्ट. राजाबाई टॉवरपाशी प्रेमचंद रायचंदांच्या देणगीची कथा सांगितली जाते. अमेरिकेतील १८६१-६५ च्या यादवीने कापसाला आणलेल्या तेजीवर त्यांच्यासारखे व्यापारी गबर झाले, हेही सांगावयास हवे. पुढे फ्लोरा फाउंटन. १८६४ च्या या कारंज्याचे शिल्पसौंदर्य न्याहाळण्यात वेळ जातो. शेजारच्या मशालधारी कामगार-शेतकऱ्याच्या वाट्याला मात्र ओझरती नजर! संयुक्त महाराष्ट्रासाठी २१ नोव्हेंबर १९५५ रोजी येथे जमलेल्या निदर्शकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. १५ जण प्राणास मुकले. दगडांचे वय सांगणाऱ्या मार्गदर्शकाने या चौकाला हुतात्म्यांचे नाव का मिळाले, हे सांगण्यासाठी पाच मिनिटे थांबावे, ही अपेक्षा अवाजवी नाही.