न पाहिलेला निळा रंग

शेजारच्या आठवीतील एका मुलीची प्रयोगवही परवा सहज चाळत असता, ‘निरीक्षण’ या सदरात ‘पेजेचा रंग निळा-काळा झाला’ आणि ‘निष्कर्ष’ या सदरात ‘पेजेत पिष्टमय पदार्थ आहे’ अशी वळणदार अक्षरांतली दोन वाक्ये व त्यांखाली तारखेनिशी सही पाहून मला समाधान वाटले. परंतु तो निळा रंग दिसला कसा, असे विचारताच तिने निरागसपणे सांगितले की, आयोडीनची बाटली आपण अद्याप पाहिलेलीच नाही, सर्व मजकूर फळ्यावरून उतरवून घेतला आहे.

त्याच संध्याकाळी आम्ही भाताची पातळ, कोमट पेज दोन वाट्यांत घेतली. एकीत तिने आपल्या तोंडातली लाळ मिसळली, औषधाच्या दुकानातले आयोडीन पाण्यात घालून फिक्या चहासारखे केले, आणि पांढऱ्या बशीत त्याचे थेंब मांडून त्यांत दर दोन मिनिटांनी दोन्ही वाट्यांतला एकेक थेंब सोडत गेलो. प्रथम दोन्ही थेंब गडद निळे झाले. मग लाळेच्या वाटीतला थेंब जांभळट, पुढे तांबूस होत अखेरीस आयोडीनच्या मूळच्या पिवळसर रंगावर येऊन थांबला, दुसरा मात्र शेवटपर्यंत निळाच राहिला. “काका, मग पेज गेली कुठे?” हा प्रश्न तिने आपण होऊन विचारला, आणि पचनाचा धडा माझ्या मते तिच्यापुरता त्या क्षणी सुरू झाला.

पिष्ट म्हणजे ग्लुकोजच्या असंख्य रेणूंची लांब, मळसूत्री वेटोळ्यांची साखळी. त्या वेटोळ्यांत आयोडीन अडकले की निळा रंग येतो आणि लाळेतील अमायलेज हे विकर साखळी तोडू लागले की तो मावळतो. एवढी मोठी साखळी आतड्याच्या भिंतीतून रक्तात शिरू शकत नाही, म्हणूनच जठरातील आम्लाने लाळेचे काम थांबवले तरी पुढे सुमारे 6 मीटर लांबीच्या लहान आतड्यात स्वादुपिंडाचा रस ते पुन्हा हाती घेतो. भाकरीचा घास बराच वेळ चघळला असता गोड लागतो तो लाळेच्या या कामामुळेच.

हे ज्ञान मुळात डोळ्यांनी पाहूनच मिळालेले आहे. 1822 साली अमेरिकेत बंदुकीची गोळी लागून जठराला कायमचे छिद्र राहिलेल्या अलेक्सी सेंट मार्टिन या तरुणाच्या पोटात विल्यम बोमाँट या लष्करी डॉक्टराने रेशमी दोऱ्याला बांधलेले अन्नाचे तुकडे सोडले, ठरावीक वेळाने बाहेर काढून पाहिले आणि 1833 साली आपली निरीक्षणे ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. आमच्या मुलांना तर तेवढेही सायास नकोत. शेंगदाणा कागदावर चुरडला की तेलाचा अर्धपारदर्शक डाग उमटतो. अंड्याच्या पांढऱ्या बलकात कॉस्टिक सोड्याचे द्रावण व मोरचुदाचे दोन थेंब शिक्षकांनी स्वहस्ते घातले की प्रथिनांचा जांभळा रंग वर्गासमोर उभा राहतो.

भरगच्च वर्ग आणि अभ्यासक्रम पुरा करण्याचा तगादा मी जाणतो, सबब शिक्षकांना दोष देत नाही. पण न केलेल्या प्रयोगाचे निरीक्षण लिहवून घेणे म्हणजे मुलांना खोटी नोंद करण्याची सवय लावणे होय. मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे की, येत्या सत्रात या साहित्याची तजवीज करावी, आणि मुलाने रंग स्वतः पाहिल्याखेरीज त्या पानावर सही होऊ देऊ नये.